कडुलिंब जिंकला, पण कार्बेन्डाझिम विरघळले होते का?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

विषय : महाविद्यालयीन प्रयोगशाळांतील बुरशीनाशकाची हाताळणी, साठवण आणि विल्हेवाट

‘कडुलिंबाचा अर्क रासायनिक बुरशीनाशकापेक्षा प्रभावी’ अशा आशयाची बातमी अधूनमधून कुठे ना कुठे वाचायला मिळते. कधी कडुलिंब असतो, कधी तुळस, कधी लसूण. वनस्पतींच्या अर्कात बुरशी रोखण्याची ताकद असते, यात वाद नाही. पण ज्या रसायनाला हरवल्याचे सांगितले जाते, ते बुरशी वाढवायच्या त्या थाळीत, म्हणजे प्लेटमध्ये, प्रत्यक्षात किती पोचले होते, हे बातमीत नसते आणि बऱ्याचदा प्रकल्पाच्या अहवालातही नसते. तुलनेसाठी घेतलेले हे रसायन पुष्कळदा कार्बेन्डाझिम असते. मुंबईतल्या महाविद्यालयांत प्रकल्पांचे दिवस आले की वनस्पतिशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळांतून त्याची बाटली किंवा पाकीट हमखास बाहेर निघते. ते वापरताना, ठेवताना आणि टाकून देताना काय चुकते, ते या पत्रात मांडत आहोत. पत्र लांबले आहे, पण आकड्यांशिवाय या विषयावर बोलणे म्हणजे हवेत गोळीबार.

कार्बेन्डाझिम ही पांढरी ते फिकट करडी, वास नसलेली पूड आहे. रेणुभार १९१.१९. तापवल्यास ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे ती वितळता वितळताच विघटित होते, त्यामुळे द्रवणांक काढून शुद्धता तपासण्याचा शाळकरी उपाय इथे चालत नाही. तिची वाफ जवळजवळ होतच नाही. म्हणून वासावरून सावध होण्याची सोय नाही आणि धोका सगळा उडणाऱ्या धुळीचा. पण खरी गोम विद्राव्यतेत आहे. उदासीन पाण्यात, म्हणजे पीएच ७ ला, २४ अंशांवर लिटरभर पाण्यात ही पूड जेमतेम ८ मिलिग्रॅम विरघळते. पीएच ४ ला २९ मिलिग्रॅम. इथेनॉल आणि ॲसिटोन यांत लिटरला सुमारे ०.३ ग्रॅम. डायमिथाइल फॉर्मामाइडमध्ये ५ ग्रॅम.

आता नेहमीची रीत पाहा. १०० मिलिग्रॅम पूड १०० मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये टाकायची, काचेच्या कांडीने ढवळायची, फ्लास्कवर ‘१००० पीपीएम’ (म्हणजे लिटरला १००० मिलिग्रॅम) असे लिहायचे आणि त्यातून पिपेटने उचलायचे. त्या १०० मिलीमध्ये विरघळलेले असते फार तर ०.८ मिलिग्रॅम. उरलेले ९९ टक्क्यांहून अधिक नुसते तरंगत असते आणि ठेवलेल्या ताकासारखे दोन मिनिटांत तळाला बसते. फ्लास्क हलवल्या हलवल्या उचलले तर एक मात्रा, गप्पा मारून उचलले तर दुसरी. वरून उचलले तर जवळजवळ नुसते पाणी. तीन प्लेटचे तीन वेगळे आकडे येतात आणि मग ‘सरासरी’ काढून आलेख रंगवला जातो. हाच द्रव कागदी चकतीवर टाकून, चकतीभोवती बुरशी किती अंतरावर थांबली ते मोजले, तर आणखी अन्याय. पाण्यात जेमतेम विरघळणारे रसायन आगारमधून, म्हणजे प्लेटमधल्या जेलीसारख्या थरातून, फारसे पसरतही नाही, त्यामुळे वर्तुळ लहान पडते. शेजारच्या चकतीवरचा अर्क अल्कोहोलमधला, पाण्यात सहज पसरणारा. तो जिंकणारच. वर्तुळाचा व्यास दोन वेगळ्या रसायनांची ताकद सांगत नाही. ताकदीत पसरण्याचा वेग मिसळलेला असतो. कार्बेन्डाझिमसाठी मीडियातच, म्हणजे बुरशीच्या खाद्यमाध्यमातच, मात्रा मिसळून बुरशीच्या वसाहतीची वाढ मोजणे, ज्याला आपल्याकडे पॉइझन्ड फूड पद्धत म्हणतात, तीच योग्य.

दुसरी चूक बाजारातच होते. शुद्ध पूड महाग आणि पोचायला वेळ लागतो, म्हणून कुणीतरी रोपवाटिकेतून किंवा खते-औषधांच्या दुकानातून शेतीचे पाकीट आणून देतो. त्यावर ‘५० टक्के डब्ल्यूपी’ असते, म्हणजे पाण्यात मिसळणारी भुकटी, तीत कार्बेन्डाझिम निम्मे. बाकीच्या निम्म्यात माती वर्गातले भरण आणि भुकटी पाण्यात तरंगत ठेवणारी द्रव्ये. हिशेबात ही निम्मी मात्रा धरली नाही की सगळे आकडे दुपटीने खोटे. गंमत अशी की ही भुकटी पाण्यात शुद्ध पुडीपेक्षा जास्त वेळ तरंगते, त्यामुळे निकाल वरकरणी सुबक येतात आणि चूक लक्षात येत नाही. भरणद्रव्यांचा बुरशीवर स्वतंत्र परिणाम किती, हे मात्र कुणी तपासत नाही, कारण ‘कार्बेन्डाझिम नसलेले पाकीट’ बाजारात मिळत नाही. त्याहून वाईट म्हणजे जोडपाकीट: कार्बेन्डाझिम १२ टक्के आणि मॅन्कोझेब हे दुसरे बुरशीनाशक ६३ टक्के. पाकिटावर कार्बेन्डाझिम हे नाव आधी छापलेले असते, पण प्रयोगात काम कुणी केले हे कळत नाही, कारण मॅन्कोझेब पूर्णपणे वेगळ्या मार्गाने अनेक ठिकाणी एकदम घाव घालतो. असल्या पाकिटावरून काढलेला निष्कर्ष कार्बेन्डाझिमविषयी काहीच सांगत नाही.

प्रिन्सेस स्ट्रीटवर, म्हणजे आजच्या शामळदास गांधी मार्गावर आणि काळबादेवीच्या परिसरात प्रयोगशाळेच्या सामानाचे व्यापारी आहेत. तिथून मागवताना ‘कार्बेन्डाझिम द्या’ एवढे पुरत नाही. ॲनालिटिकल स्टँडर्ड हवे असे सांगायचे, बॅच क्रमांक असलेले शुद्धतेचे प्रमाणपत्र मागायचे आणि ते बाटलीबरोबर फायलीत ठेवायचे. प्रकल्पासाठी १०० ते २५० मिलिग्रॅम पुष्कळ होते. स्वस्त पडते म्हणून २५ ग्रॅमची बाटली घेतली, तर उरलेले चोवीस ग्रॅम पुढची दहा वर्षे कपाट अडवतात. कुणी पिशवीतून सुटी पूड बांधून देऊ केली, तर घेऊ नये. कीटकनाशके अधिनियम, १९६८ मध्ये बुरशीनाशकेही येतात. मूळ वेष्टन फोडून विकणे त्यात बसत नाही, आणि पिशवीत नेमके काय आहे याला कुणी जामीन नसतो.

स्टॉक, म्हणजे पुढे पातळ करून वापरायचे दाट मूळ द्रावण, असा करावा. पूड ९८ टक्के शुद्ध असेल, तर ५० मिलिग्रॅमसाठी ५१ मिलिग्रॅम तोलायची. चार दशांशांच्या तराजूवर दहा-पाच मिलिग्रॅम तोलण्याचा हट्ट धरू नये; चूक वजनाच्या तुलनेत मोठी होते. ५१ मिलिग्रॅम २५ मिलीच्या व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये घेऊन डायमिथाइल सल्फॉक्साइडने, म्हणजे नेहमीच्या डीएमएसओने, खुणेपर्यंत भरले की मिलीला २ मिलिग्रॅमचा स्टॉक तयार होतो. आधी १५-२० मिली टाकून, ३७ ते ४० अंशांच्या वॉटर बाथमध्ये ठेवून, मधूनमधून फिरवायचे. पूर्ण स्वच्छ झाले की मगच खुणेपर्यंत भरायचे. काळ्या कागदासमोर धरून पाहावे. कण चमकले तर अजून विरघळायचे आहे. मिलीला ५ मिलिग्रॅमपर्यंत ताणता येते, पण मर्यादेच्या काठावरचा स्टॉक फ्रीजमधून काढला की स्फटिक टाकतो आणि नंतर पूर्ण विरघळला की नाही, याची खात्री राहत नाही.

डीएमएसओ नको असेल तर ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक ॲसिड चालते. या रेणूतला नायट्रोजन ॲसिडमध्ये प्रोटॉन घेतो, त्याचा पीकेए (ज्या पीएचला निम्म्या रेणूंनी प्रोटॉन घेतलेला असतो तो आकडा) ४.२ च्या आसपास, म्हणून ॲसिडमध्ये तो पाण्यापेक्षा कितीतरी जास्त विरघळतो. ५१ मिलिग्रॅम ५० मिलीमध्ये घेतली की मिलीला १ मिलिग्रॅम. स्वस्त, आणि ग्लोव्ह्जना त्रास नाही. फक्त मीडियाचा पीएच हलता कामा नये, म्हणून टाकायचे प्रमाण कमी ठेवायचे आणि कंट्रोल प्लेटमध्ये, म्हणजे औषध नसलेल्या तुलनेच्या प्लेटमध्ये, तेवढेच ॲसिड टाकायचे. डायमिथाइल फॉर्मामाइड मात्र सवयीने वापरू नये. पुस्तकात विद्राव्यता चांगली दिसते, पण ते स्वतःच यकृताला आणि गर्भाला घातक आहे आणि साध्या पातळ नायट्राइल ग्लोव्ह्जमधून मिनिटांत पार होते.

मात्रांची मालिका करताना वेगवेगळ्या प्लेटमध्ये वेगवेगळ्या आकाराचे थेंब टाकू नयेत. डीएमएसओमध्येच २, १, ०.५, ०.२ आणि ०.१ मिलिग्रॅम प्रति मिली अशी पातळ द्रावणे करावीत आणि प्रत्येकातून १०० मायक्रोलिटर १०० मिली मीडियात टाकावे. हजारपट पातळ होते, म्हणजे मीडियात २, १, ०.५, ०.२ आणि ०.१ पीपीएम, आणि डीएमएसओ सगळीकडे सारखाच, ०.१ टक्का. कंट्रोलमध्येही तेवढाच. डीएमएसओ टक्क्याच्या वर गेला की तो स्वतः बुरशीची वाढ दाबू लागतो आणि ते श्रेय कार्बेन्डाझिमच्या खात्यात जमा होते. १०० मिलीत ९० मिलिमीटरच्या पाच प्लेट होतात, प्रत्येकी २० मिली.

स्टॉक मीडियात केव्हा टाकायचा, यावरही घोळ होतो. पीडीए (बटाटा, साखर आणि आगारचा नेहमीचा मीडिया) ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रातून काढून वॉटर बाथमध्ये ४५ ते ५० अंशांवर आणावा आणि मग टाकावा. हाताला ‘सोसेल इतका’ हा अंदाज फसवा आहे. थर्मामीटर ठेवलेला बरा. फार गरम असताना टाकले तर झाकणावर पाण्याचे थेंब जमतात आणि वसाहत वाहते. ४० च्या खाली गेले की आगार कडेने घट्ट व्हायला लागतो आणि औषध सारखे मिसळत नाही. फ्लास्क गोल फिरवायचा, वरखाली हलवून फेस काढायचा नाही. स्टॉक पडता क्षणी पांढरी रेघ दिसून विरली तर ठीक. दुधाळ झाक राहिली तर रसायन बाहेर पडले. अशा प्लेटचा तुकडा सूक्ष्मदर्शकाच्या १० पट भिंगाखाली पाहिला तर सुईसारखे स्फटिक दिसतात. १०० किंवा ५०० पीपीएमच्या प्लेटमध्ये हेच होते. पाण्यात ८ पीपीएम विरघळणाऱ्या पदार्थाचे ५०० पीपीएम म्हणजे अहवालात छापलेला आकडा, बुरशीला भेटलेली मात्रा नव्हे. संवेदनशील बुरशीला त्याची गरजही नसते. तिची वाढ १ पीपीएमच्या आसपासच दबते.

डीएमएसओमधल्या स्टॉकला गाळून निर्जंतुक करायची सहसा गरज पडत नाही. तरी गाळायचा असेल तर पीटीएफईचा, म्हणजे टेफ्लॉनचा फिल्टर वापरा. सेल्युलोज ॲसिटेट किंवा नायट्रेटचा पडदा डीएमएसओत विरघळतो, आणि फिल्टर फाटल्याचे कळतही नाही. वाढ मोजताना दोन आडव्या-उभ्या व्यासांची सरासरी घेऊन त्यातून सुरुवातीला लावलेल्या बुरशीच्या तुकड्याचा व्यास, बहुधा ५ मिलिमीटर, वजा करायचा. तो वजा केला नाही, तर पूर्ण थांबलेली बुरशीही ‘थोडी वाढलेली’ दिसते.

आणि कोणती बुरशी? हा प्रश्न सर्वांत आधी विचारायला हवा. कार्बेन्डाझिम पेशीतल्या बीटा-ट्युब्युलिन या प्रथिनाला चिकटते, सूक्ष्मनलिका जुळू देत नाही, आणि पेशीविभाजन अडते. ज्या बुरशीत ही जागा मुळातच वेगळी आहे, तिच्यावर त्याचा जोर चालत नाही. अल्टर्नारिया, हेल्मिन्थोस्पोरियम यांसारख्या काळ्या बीजाणूंच्या बुरशा, पिथियम आणि फायटॉप्थोरा, आणि रायझोपस या सगळ्या यात मोडतात. पावाच्या लादीवर उगवलेली काळे टिपके असलेली कापसासारखी बुरशी बहुधा रायझोपसच असते, आणि विद्यार्थ्यांना ती सर्वांत सहज मिळते. तिच्यावर कार्बेन्डाझिम चालले नाही आणि दालचिनी चालली, ही बातमी कशी होईल? फ्युजेरियम, पेनिसिलियम किंवा आंब्यावर करपा आणणारे कोलेटोट्रायकम ग्लिओस्पोरिऑइड्स घ्यावे. त्यातही वाशीच्या बाजारातून आणलेल्या द्राक्षावरची किंवा संत्र्यावरची बुरशी बागेतल्या फवारण्या पचवून आलेली असू शकते. बीटा-ट्युब्युलिनच्या १९८ किंवा २०० क्रमांकाच्या जागी एक अमिनो आम्ल बदलले की बुरशी शेकडो पट मात्रेला दाद देत नाही. म्हणून संवेदनशील असल्याची खात्री असलेला एक प्रकार शेजारी ठेवल्याशिवाय ‘औषध निष्प्रभ’ असे लिहू नये. आणखी एक खाचखळगा: बीजाणू रुजतात की नाही हे पाहणारी चाचणी इथे फसवते. कार्बेन्डाझिम असतानाही बीजाणूला अंकुर फुटतो. तो पुढे वाकडा-तिकडा होऊन खुंटतो. नुसते ‘रुजले, नाही रुजले’ मोजले तर औषध नापास.

आता धोक्याविषयी. शेतीच्या पाकिटावरचा रंगीत त्रिकोण एका वेळी पोटात किंवा कातडीतून गेलेल्या मात्रेने जीव जातो का, एवढेच सांगतो. त्या मापाने कार्बेन्डाझिम सौम्य आहे, आणि म्हणूनच ते हातानेच घेण्याची सवय लागते. पण युरोपीय वर्गीकरणात ते जनुकांत बदल घडवणारे आणि प्रजननक्षमतेला व गर्भाला अपाय करणारे, दोन्हीसाठी ‘१ बी’ वर्गात, म्हणजे माणसालाही असा अपाय होतो असे धरून चालावे अशा वर्गात आहे. पेशीविभाजन अडवणारा पदार्थ फक्त बुरशीचेच विभाजन अडवील, असे मानायला आधार नाही. जंतावर देतात ते अल्बेंडाझोल आणि मेबेंडाझोल याच कुळातले. युरोपीय संघात कार्बेन्डाझिमची मंजुरी ३० नोव्हेंबर २०१४ रोजी संपली आणि तिचे नूतनीकरण झाले नाही. आपल्या केंद्र सरकारने मे २०२० मध्ये बंदीसाठी काढलेल्या २७ कीटकनाशकांच्या मसुद्यातही ते होते. गरोदर विद्यार्थिनी, शिक्षिका किंवा प्रयोगशाळा परिचर यांना पूड तोलण्याचे काम देऊ नये, आणि त्यासाठी त्यांच्यावर कारण सांगायची वेळ आणू नये. दारावर सूचना लावलेली असली की पुरते.

तोलताना सर्वांत धोकादायक चूक चांगल्या हेतूने होते. ‘स्वच्छ जागी काम करावे’ म्हणून पूड लॅमिनार फ्लोमध्ये, म्हणजे गाळलेल्या हवेचा झोत सोडणाऱ्या कपाटात नेतात. आडव्या लॅमिनारमधली हवा मागून पुढे, थेट काम करणाऱ्याच्या तोंडावर येते. ती प्लेटला जंतूंपासून वाचवते, माणसाला पुडीपासून नाही. पुडीची बाटली फ्यूम हुडमध्येच, म्हणजे हवा आत ओढून बाहेर सोडणाऱ्या कपाटातच उघडायची. हुडमधल्या वाऱ्याने तराजूचा आकडा नाचतो, ही तक्रार खरी आहे. त्यावर उपाय असा: झाकणाची छोटी कुपी तराजूवर ठेवून शून्य करायची, हुडमध्ये नेऊन बारीक स्पॅच्युलाने पूड घालायची, झाकण लावायचे, मग परत आणून तोलायचे. दोन-तीन फेऱ्या होतात. नेमके ५१ मिलिग्रॅम आले नाही तरी बिघडत नाही, ४७.३ आले तर त्या हिशेबाने डीएमएसओ कमी घ्यायचा. तोललेली पूड बाटलीत परत टाकायची नाही. एअर कंडिशनच्या कोरड्या खोलीत पूड प्लास्टिकच्या वेइंग बोटला चिकटते आणि उडते. काचेची कुपी त्यासाठीही बरी. नायट्राइल ग्लोव्ह्ज, चष्मा, बटणे लावलेला ॲप्रन, आणि हुड नसेल तर निदान एन ९५ मास्क. कापडी रुमाल धूळ अडवत नाही. डीएमएसओचा थेंब हातावर पडला तर लगेच धुवायचा, कारण तो कातडीतून आत शिरताना विरघळलेले द्रव्य बरोबर नेतो. सांडलेली पूड झाडूने लोटायची नाही. साबणाच्या पाण्याने ओला केलेला टिश्यू वर ठेवून कडेकडून मध्याकडे पुसायचे आणि तो टिश्यू झिपच्या पिशवीत.

साठवणीला मुंबईची हवा हा वेगळाच प्रश्न आहे. कोरडी पूड घट्ट बंद बाटलीत, अंधाऱ्या कपाटात, खोलीच्या तापमानाला वर्षानुवर्षे टिकते. तिला फ्रीजची आवश्यकता नाही. कुणी पुरवठादाराच्या सूचनेनुसार फ्रीजमध्ये ठेवलीच, तर जुलैच्या दमट हवेत गार बाटली उघडल्याबरोबर आत दव धरते आणि पुडीचे गठ्ठे होतात. मग तोललेल्या ५१ मिलिग्रॅममध्ये पाणी किती, हे कळत नाही. बाटली बाहेर काढून, झाकण न उघडता तासभर खोलीत ठेवावी, मगच उघडावी. सिलिका जेलचा डेसिकेटर असेल तर उत्तम. पण त्यातले निळे खडे गुलाबी होऊन वर्ष उलटले असेल, तर तो नुसता काचेचा डबा. ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर ते पुन्हा निळे होतात.

द्रावणाचा स्वभाव वेगळा. उदासीन किंवा सौम्य आम्लात कार्बेन्डाझिम महिनोनमहिने टिकते: पीएच ५ आणि ७ ला, २२ अंशांवर, निम्मे व्हायला ३५० दिवसांहून अधिक लागतात. पीएच ९ ला १२४ दिवस. तीव्र अल्कलीत त्याचे पुढे २-अमिनोबेन्झिमिडाझोल होते, म्हणून कॉस्टिक सोड्याच्या शेजारी त्याची जागा नको. डीएमएसओचा स्टॉक अर्धा-अर्धा मिलीच्या कुप्यांत विभागून उणे २० ला ठेवावा आणि एकदा वितळवलेली कुपी परत गोठवू नये. डीएमएसओ १८.५ अंशांलाच गोठतो, त्यामुळे साध्या फ्रीजमध्येही त्याचा खडा होतो. घाबरायचे कारण नाही, पण पूर्ण वितळून स्वच्छ झाल्याशिवाय पिपेट बुडवायची नाही. शिवाय हा हवेतले पाणी ओढतो. झाकण सैल राहिलेल्या कुपीत पावसाळ्याच्या अखेरीस इतके पाणी शिरते, की कार्बेन्डाझिम तळाला बसते. जुना स्टॉक वापरण्यापूर्वी ताज्याशेजारी ठेवून स्पेक्ट्रोफोटोमीटरवर २८५ नॅनोमीटरच्या आसपासचे शोषण पाहावे. दोघांनाही ०.१ नॉर्मल ॲसिडमध्ये सारखेच पातळ करायचे. आकडे जुळले नाहीत तर जुना टाकाऊ. जुळले म्हणून मात्र निर्धास्त होऊ नये, कारण विघटनातून झालेला पदार्थही याच पट्ट्यात थोडेफार शोषण दाखवतो.

खाऱ्या हवेने स्पॅच्युला आणि पत्र्याची झाकणे गंजतात, कागदी लेबल फुगून सुटते किंवा कसर ते खाते. शाईच्या पेनाने लिहिलेले नाव पहिल्या पावसात जाते. नाव, शुद्धता, बॅच, उघडल्याची तारीख हे कायम शाईच्या मार्करने लिहून वर रुंद पारदर्शक टेप मारावा, दोन टोके एकमेकांवर येतील असा. तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत कोणतेही कीटकनाशक किंवा बुरशीनाशक सर्वांत खालच्या फळीवर नको; २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा खालच्या फळ्यांची काय गत झाली असेल, हे वेगळे सांगायला नको. आणि जुनी कपाटे आवरताना ‘बेनोमिल’ लिहिलेली बाटली सापडली, तर ती हुंगू नका, उघडूही नका. बेनोमिल ओलाव्याने फुटून कार्बेन्डाझिम बनते आणि त्यातून ब्युटाइल आयसोसायनेट सुटते, जे डोळ्यांना आणि श्वसनाला झोंबते. मुंबईत वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या अशा बाटलीत आता नेमके काय आहे, ते लेबलावरून सांगता येत नाही.

शेवटी, सगळ्यात दुर्लक्षित भाग. प्रयोग संपला की प्लेट ऑटोक्लेव्ह करतात आणि वितळलेला आगार गरम असतानाच सिंकमध्ये ओततात. १२१ अंशांवर १५ मिनिटांत बुरशी मरते. कार्बेन्डाझिमला त्याने फारसा धक्का लागत नाही. आगार नळीत थिजून सिंक तुंबवतो तो वेगळाच. उरलेला भाग गटारातून पुढे जातो. वरळी आणि वांद्र्याला सांडपाणी समुद्रातल्या नळांतूनच बाहेर पडते, आणि हे द्रव्य जलचरांना अतिविषारी वर्गातले आहे. ऑटोक्लेव्ह केलेल्या प्लेट थंड करून, थिजलेला आगार खरवडून रुंद तोंडाच्या एचडीपीई (जाड प्लास्टिकच्या) डब्यात, आणि स्टॉकचे उरलेले द्रावण वेगळ्या बाटलीत, नाव व अंदाजे मात्रा लिहून. हे जंतुयुक्त कचऱ्याच्या डब्यात जात नाही. त्यात ब्लीचही ओतायचे नाही: ॲसिडच्या स्टॉकवर हायपोक्लोराइट पडले की क्लोरीन वायू सुटतो, आणि डीएमएसओलाही तीव्र ऑक्सिडीकारकांशी मिसळू द्यायचे नसते.

२०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार असा कचरा अधिकृत केंद्राकडे जायला हवा. असे एक केंद्र तळोज्याला आहे. साठवणीची सर्वसाधारण मुदत ९० दिवसांची, राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला ती वाढवता येते. अडचण अशी, की एखाद्या महाविद्यालयाचा वर्षभराचा कचरा पाच-सात किलोही भरत नाही आणि तेवढ्यासाठी गाडी मागवणे, कागदपत्रे करणे कुणालाच परवडत नाही. म्हणून तो सिंकमध्ये जातो. मुंबई विद्यापीठाने प्रत्येक विभागातल्या महाविद्यालयांचा असा कचरा वर्षातून दोनदा, परीक्षा संपल्यावर आणि दिवाळीच्या सुट्टीआधी, एकत्र उचलण्याची व्यवस्था करावी आणि त्याचा खर्च प्रयोगशाळा शुल्कातून भागवावा. विद्यापीठाकडे आमची दुसरी मागणी अगदी बिनखर्चाची आहे. प्रकल्प अहवालाच्या ‘साहित्य व पद्धती’ या भागात बुरशीनाशकाची शुद्धता, बॅच, द्रावक, मीडियातले द्रावकाचे टक्के आणि कचरा कुठे दिला, या पाच ओळी सक्तीच्या कराव्यात. आणि आपल्या बातमीदारांनी ‘रसायनावर मात’ अशी बातमी करण्याआधी त्या पाच ओळी मागून घ्याव्यात, एवढी विनंती.

आपले विश्वासू,
वनस्पतिरोगशास्त्र व सूक्ष्मजीवशास्त्राचे काही अध्यापक,
माटुंगा, मुंबई